वळवाआधी छप्पर: पत्र्याच्या कामासाठी भरवशाचा माणूस कसा निवडावा

चैत्र लागला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे दुपार कलताना आभाळ दाटून येते. आधी धुळीची वावटळ, मग विजा, कधी गारा, शेवटी वळीव. अर्ध्या-पाऊण तासात सगळे येऊन जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पत्रे उडाल्याची, गोठे पडल्याची, बेदाणा शेड झोपल्याची बातमी असते. असा उडालेला पत्रा उचलून नीट बघा. तो सहसा मधोमध फाटलेला नसतो. स्क्रूच्या भोकाभोवती ओढला गेलेला असतो, नाहीतर स्क्रूच पाईपमधून उपटून आलेला असतो. कधी कधी तर पाईपसकट अख्खा सांगाडा भिंतीवरून सुटून शेजारच्या रानात पडलेला असतो. पत्रा टिकलेला असतो, जोड गेलेले असतात.

म्हणून काम देताना आपण जो प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, 'फुटाला काय घेता?', तो शेवटी विचारायचा. आधी विचारायचे ते हे: पत्रा पाईपला, पाईप कैचीला (पाईप पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीला) आणि कैची घराला कशी धरून राहणार? सांगली जिल्ह्यात वेल्डिंगचे दुकान नाही असा बाजाराचा गाव सापडणे कठीण, त्यामुळे माणसांची वानवा नाही. हा प्रश्न ऐकून अंग न चोरणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

वारा पत्र्याला काय करतो

वारा छप्पर दाबून पाडतो असे आपल्याला वाटते. पत्र्याच्या बाबतीत उलटे घडते. छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर खेचतो. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. म्हणजे 12 फुटी, मीटरभर रुंदीच्या एका पत्र्यावर दीडशे किलोच्या वर ओढ येऊ शकते, आणि त्या पत्र्याचे स्वतःचे वजन असते जेमतेम 16-17 किलो. बाकीचे सगळे स्क्रू, पाईप आणि वेल्डिंगने धरायचे.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. वळचणीची कड, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढे इथे ती जास्त असते, चार कोपऱ्यांत सर्वांत जास्त. गोठा, पडवी किंवा ट्रॅक्टरचे शेड एखाद्या बाजूने उघडे असले तर वारा आत शिरून खालूनही रेटा देतो. त्यामुळे बंद घरापेक्षा उघडे शेड आधी जाते. एवढे डोक्यात पक्के असले की पत्र्यावर दगड, वाळूची पोती किंवा जुने टायर ठेवण्यात काय अर्थ आहे ते कळते. दहा किलोचा दगड दीडशे किलोची ओढ थांबवत नाही, उलट पत्रा उचलला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात जातो. ज्या घरावर दगड ठेवलेत, त्या घराचे स्क्रू अपुरे आहेत असे खुशाल समजा, आणि वळवाच्या आत ते दगड उतरवून स्क्रू मारून घ्या.

कुणाला बोलवायच्या आधी

एका उन्हाच्या दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहा आणि वर बघा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे भोक किंवा सैल स्क्रू आहे. पाईपच्या जोडाशी तांबूस ओघळ आहेत का, भिंतीवर टेकलेल्या पाईपच्या टोकाशी सिमेंट फुटले आहे का, पन्हाळ मधेच झुकली आहे का, हे लिहून ठेवा. मापे स्वतः घ्या: लांबी, रुंदी, वळचणीपाशी उंची, आढ्यापाशी उंची. हा कागद हातात असला की समोरचा माणूस पहिल्याच भेटीत बोलण्यात सावध होतो.

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या शेडचे लोखंडी खांब पाण्यात उभे होते, त्यांची तळाची प्लेट आणि जमिनीलगतची वीतभर उंची आतून गंजलेली असू शकते. वरून रंग मारलेला असतो, त्यामुळे कळत नाही. हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर बरे. बद आवाज आला किंवा खपल्या निघाल्या तर नवा पत्रा चढवण्याआधी खांबाचे काम काढावे लागेल. कुजक्या खांबावर भारी पत्रा बसवणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे.

सिमेंटचा पत्रा असेल तर मात्र स्वतः वर चढू नका, पोरांनाही चढवू नका. जुना सिमेंट पत्रा पाय ठेवताच फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. अशा पडण्याने आपल्याकडे जीव गेलेले आहेत. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते. तो फोडायचा, कापायचा नाही. पाणी मारून ओला करायचा, हुक सोडवून अख्खा उतरवायचा आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा.

शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे अजून मंगलोरी कौलांची घरे आहेत. तिथे पाऊस जास्त, माकडांचा त्रास वेगळा. कौले काढून पत्रा टाकायचा असेल तर फॅब्रिकेटरच्या आधी सुताराला बोलवा. वासे आणि रीपा वाळवीने पोखरल्या आहेत का ते त्याचा हात सांगेल. कौलेच ठेवायची असतील तर खालच्या दोन ओळी आणि आढ्याची कौले तारेने बांधून घ्यायला सांगा. वारा कौले उचलायला तिथूनच सुरुवात करतो.

माणूस कधी आणि कुठे शोधायचा

दिवाळी झाली की कामाला लागा. माघापर्यंत काम उरकले तर उत्तम. फेब्रुवारीपासून बेदाण्याची धांदल सुरू झाली की तासगाव, कवठेमहांकाळकडचे शेडवाले हाताशी येत नाहीत. आणि एकदा का वादळ झाले की पंचक्रोशीतली सगळी गिऱ्हाइके एकाच वेळी त्याच चार माणसांच्या दारात उभी राहतात. मग दर चढतो, माल मिळेल तो येतो आणि तुमचे काम दोन पोरांवर सोडून मिस्त्री दुसरीकडे जातो.

तीन ठिकाणी विचारा. गावातला वेल्डिंगवाला, तालुक्याच्या ठिकाणचा किंवा कुपवाड, पलूसच्या एमआयडीसीकडचा फॅब्रिकेटर, आणि पत्र्याचा दुकानदार सुचवेल तो कारागीर. छोटा गोठा, पडवी, दुरुस्ती यासाठी गावातला माणूस मला जास्त पटतो, कारण स्क्रू सैल झाला म्हणून तो संध्याकाळी येऊन जाईल आणि त्याला गावात तोंड दाखवायचे असते. मोठ्या गाळ्याचे शेड, पोल्ट्री, गोडाऊन यासाठी मात्र कटिंग-वेल्डिंगची नीट सोय, स्वतःची शिडी-पालख आणि चार कायमची माणसे असलेला फॅब्रिकेटर पाहिजे. खांबांमधले अंतर 25 फुटांच्या वर जात असेल, किंवा घराच्या स्लॅबवर शेड उभे करायचे असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या. वाऱ्याच्या भाराचा हिशेब कसा करायचा हे आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेले आहे. 'त्याप्रमाणे डिझाइन करून द्या' एवढे इंजिनिअरला सांगितले तरी पुरते. स्लॅबवरच्या शेडसाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेची परवानगी लागते का तेही त्याच वेळी विचारून घ्या.

केलेले काम बघायला जाल तेव्हा नवे काम बघू नका. नवे सगळेच चकचकीत असते. तीन-चार वळीव झेललेले काम दाखवायला सांगा आणि पत्र्याच्या खाली उभे राहून वर बघा. स्क्रूच्या रांगा सरळ आहेत का? स्क्रूभोवती पाण्याचे डाग आहेत का? वेल्डिंगच्या जागी गंज फुटला आहे का? मग मिस्त्रीला जरा बाजूला ठेवून त्या घरमालकाला विचारा की गळती लागली होती का, आणि लागल्यावर बोलावले तर हा माणूस किती दिवसांत आला. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. गळती चांगल्या कारागिराच्या कामातही लागते, फोन उचलणे हा माणसाचा स्वभाव असतो.

जागेवर बोलणी

फोनवर किंवा फोटो बघून दर सांगणाऱ्याला काम देऊ नका. माणूस जागेवर आला पाहिजे, वर चढला पाहिजे, टेप लावली पाहिजे. बोलणी साधारण अशी चालतात:

'मिस्त्री, वळचणीच्या पाईपला स्क्रू कसे मारणार?'

'मारतो की मालक, एक सोडून एक.'

'आणि मधल्या पाईपला?'

'तिथं बी तसंच. आजवर कुठं उडलं न्हाई आपलं काम.'

इथे थांबून सांगायचे की कडेला तसे चालणार नाही. वळचण, आढे आणि दोन्ही कडांच्या पाईपवर पत्र्याच्या प्रत्येक उंच पट्टीला एक स्क्रू, मधल्या पाईपवर एक सोडून एक. चांगला कारागीर म्हणेल, 'स्क्रू जास्त लागतील, तेवढे धरा हिशेबात.' हे उत्तर सोन्यासारखे आहे. सगळे स्क्रू मिळून पत्र्याच्या किमतीपुढे खर्च किरकोळच असतो. जो म्हणेल 'एवढे कशाला, उगाच भोकं पडतील,' त्याला भोकातून पाणी येण्याची भीती आहे, म्हणजे स्वतःच्या वॉशरवर त्याचा विश्वास नाही.

आणखी काही गोष्टी याच भेटीत विचारायच्या. पाईपमधले अंतर किती ठेवणार? अर्ध्या मिलीमीटरच्या प्रोफाइल (उंच-सखल पट्ट्यांच्या) पत्र्याला चार फुटांच्या आत बरे, कडेच्या गाळ्यात आणखी कमी. 6 मिलीमीटर सिमेंट पत्र्याला 1.4 मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. उतार किती देणार? जत-आटपाडीकडे फुटाला सव्वा-दीड इंच पुरतो, शिराळ्याकडे अडीच-तीन इंच तरी हवा. वळचण पाईपच्या पुढे किती काढणार? फुटापेक्षा जास्त अधांतरी वळचण ठेवली की वाऱ्याला धरायला हँडल मिळते. पत्र्याची सुरुवात कोणत्या बाजूने करणार? आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आढे पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकाकडून सुरू करून पश्चिमेकडे यायचे, म्हणजे जोडाचे उघडे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहते. वळवाच्या वाऱ्याला दिशेचा भरवसा नसतो हे खरे, पण पाऊस जास्त दिवस पडतो तो पश्चिमेचाच.

आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न: कैची भिंतीला कशात अडकवणार? नुसत्या विटांत खिळा किंवा सळई ठोकून काही होत नाही, वारा वीटही घेऊन जातो. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा बेड असला पाहिजे आणि कैचीची प्लेट त्यात बोल्टने आवळली गेली पाहिजे. बेड नसेल तर आधी तो घालून घ्या. यासाठी चार दिवस आणि काही हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. छपराच्या कामातला हा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे.

खांबाचे शेड असेल तर खड्ड्याची चौकशी करा. खांबाचा खड्डा जसा वजन झेलायला असतो तसाच उचल धरायलाही असतो. दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर त्याचे वजन आठशे किलोच्या आसपास भरते, तेवढा भार वारा सहजी उचलत नाही. फूटभर खणून चार पाट्या माल टाकला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. काळ्या रानात मुरूम लागेपर्यंत खाली जा, कारण ती माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते.

दर: किलोवर, फुटावर की उक्ते

तीन कोटेशन घ्या, पण तिघांना एकच कागद द्या, नाहीतर तुलना करता येत नाही. कागदावर पत्र्याची जाडी, पाईपचे माप आणि जाडी, पाईपमधले अंतर, स्क्रूचा प्रकार, रंगाचे हात, पन्हाळ आणि जुना पत्रा उतरवणे हे सगळे असले पाहिजे. जुना पत्रा आणि भंगार कुणाचे, हेही लिहा. यावरून शेवटच्या दिवशी हमखास वाद होतात.

फुटावर दर ठरला की कारागिराचा कल हलका पाईप वापरण्याकडे जातो, किलोवर ठरला की गरज नसताना जड पाईप लावण्याकडे. दोन्हीत माणूस वाईट असतो असे नाही, हिशेबच तसा असतो. माझा सल्ला असा की लोखंडी सांगाडा किलोवर, वजनाची वरची मर्यादा लिहून, आणि पत्रा चढवण्याची मजुरी फुटावर. मालाची गाडी वजनकाट्यावर नेऊन भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही पावत्या घ्या. उसाच्या काट्यावर आपण जेवढे बारीक लक्ष ठेवतो, तेवढे इथे ठेवले तरी पुरे.

जीएसटी लावणार असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक पाहिजे. आपल्या राज्याचा क्रमांक 27 ने सुरू होतो आणि तो 15 अक्षरी असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की धंद्याचे नाव दिसते. वर्षाला 20 लाखांच्या आत सेवेची उलाढाल असलेल्या छोट्या कारागिराला नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे त्याच्याकडे क्रमांक नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. पण क्रमांक नसताना 18 टक्के लावत असेल तर तिथेच थांबा.

माल दारात आल्यावर

पत्रा 0.50 चा सांगून 0.40 किंवा 0.35 चा उतरवणे ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे. डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो. 1220 मिलीमीटर पट्टीपासून बनवलेला, कोटिंगसह अर्धा मिलीमीटर जाडीचा रंगीत पत्रा मीटरला सुमारे साडेचार किलो भरतो. म्हणजे 12 फुटी पत्रा साडेसोळा किलोच्या आसपास. 0.35 चा असेल तर तोच पत्रा सव्वाअकरा किलोवर येतो. घरच्या धान्याच्या काट्यावर एक पत्रा उभा करून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. पाच किलोचा फरक लपत नाही. पाईपचेही तसेच: दोन बाय दोन इंची, 2 मिलीमीटर जाडीचा 6 मीटरचा पाईप 18 किलोच्या आसपास असतो. 13-14 किलो भरला तर तो दीड मिलीमीटरचा आहे.

जाडी सांगताना दुकानदार कोटिंगसह सांगतो की कोटिंगशिवायच्या लोखंडाची, हे विचारून बिलावर लिहून घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनीचे नाव, जाडी आणि कोटिंग छापलेले असते. त्याचा फोटो काढून ठेवा. साध्या जस्ती पत्र्यासाठी आयएस 277 आणि रंगीत जस्ती पत्र्यासाठी आयएस 14246 हे मानक आहे. बिलावर त्याचा उल्लेख मागायला हरकत नाही.

स्क्रूकडे कुणी बघत नाही आणि छप्पर तर त्याच्यावरच उभे असते. एक स्क्रू हातात घ्या. वॉशर लोखंडी चकतीला चिकटलेला, काळा, मऊ रबराचा असावा, चिमटीत दाबला की परत मूळ आकारात यावा. दुकानात त्याला ईपीडीएम वॉशर म्हणतात. प्लास्टिकसारखा कडक वॉशर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो, आणि आपल्याकडचे ऊन तर माहीतच आहे. स्क्रूची पकड पाईपच्या जाडीत असते. सव्वा मिलीमीटरच्या पाईपला आटे नीट धरत नाहीत. पाईप 2 मिलीमीटरचा असावा आणि स्क्रूचे निदान तीन आटे आतल्या बाजूने बाहेर आलेले दिसावेत. जुन्या पद्धतीचे जे-हुक वापरणार असाल तर ते जस्ताचा मुलामा दिलेले घ्या.

लिहून घ्यायचे ते

ओळखीचा आहे, पाहुण्यातला आहे म्हणून तोंडी व्यवहार करतो आणि नंतर नातेही जाते, छप्परही. दोन पानांचा कागद करा, दोघांच्या सह्या घ्या, मोठे काम असेल तर स्टॅम्प पेपरवर. त्यात निदान एवढे असावे:

- मालाची मापे, जाडी, कंपनी, आणि कमी जाडीचा माल आला तर तो परत जाईल हे वाक्य.
- कडेला, आढ्याला आणि मधल्या पाईपवर स्क्रू कसे मारायचे, आडवा जोड किमान 6 इंच.
- सुरू करायची आणि संपवायची तारीख, उशीर झाला तर काय.
- कामगार पडला, लागले तर जबाबदारी कुणाची, विमा आहे का.
- पहिल्या दोन पावसाळ्यांत गळती किंवा सैलपणा निघाला तर किती दिवसांत, मोफत दुरुस्ती.

पैशाचे टप्पे असे ठेवा, की कामाच्या पुढे पैसा कधीच जाणार नाही. विसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. मालाचे पैसे माल उतरून वजन झाल्यावर, जमेल तर थेट दुकानदाराच्या खात्यात. सांगाडा उभा राहिला, वेल्डिंग तपासून झाले की मजुरीचा एक हप्ता. पत्रा पूर्ण चढल्यावर दुसरा. उरलेले दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. या शेवटच्या अटीला बरेच जण नाक मुरडतात, पण ती सोडू नका. ज्याला कामाची खात्री आहे तो पाच टक्क्यांवर तरी तयार होतो. आणि ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्या. कारागिराला मजूर शनिवारी किंवा बाजारादिवशी सांभाळावे लागतात. हिशेबाला चोख असलेल्या गिऱ्हाइकाच्या फोनला तो आधी धावतो.

काम चालू असताना

सांगाडा उभा राहिल्यावर आणि पत्रा चढण्याआधीचा दिवस तुमचा. त्या दिवशी सुट्टी टाका. नंतर काहीही दिसणार नाही. प्रत्येक जोडापाशी जाऊन बघा. घाईत कारागीर नुसते टाके मारतो, म्हणजे पाईपच्या दोन कोपऱ्यांवर वाटाण्याएवढे दोन ठिपके. ते उभारणीपुरते ठीक, पण त्यावर रंग मारला की पुढे काही कळत नाही. पूर्ण वेल्डिंग म्हणजे जोडाच्या कडेने सलग, एकसारखी शिवण. टाके दिसले तर खडूने गोल करत जा आणि रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी ते पूर्ण करून घ्या. वेल्डिंगची खपली हातोडीने पाडून, ब्रशने घासूनच रेड ऑक्साइड मारायचे. खपलीवर मारलेला रंग खपलीबरोबर पडतो.

पत्रा चढताना स्क्रूचा ताण बघा. वॉशर किंचित दबून पत्र्याला बसला पाहिजे. फार आवळला तर तो चकतीबाहेर फुगून येतो आणि लवकर तडकतो, कमी आवळला तर हाताने फिरतो. वाकडा गेलेला स्क्रू काढून त्याच भोकात परत मारू देऊ नका, तिथे जाड स्क्रू घालायचा. दोन पत्र्यांच्या उभ्या जोडावर, पाईपच्या मधल्या जागेत दीड-दोन फुटांवर बारीक स्क्रू मारून पत्रे एकमेकांना शिवून घ्यायला सांगा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि वावटळीत पत्रा फडफडायला सुरुवात होते ती याच जोडापासून.

एक नियम कडक ठेवा: आज चढवलेला पत्रा आजच पूर्ण आवळायचा. 'उद्या उरलेले स्क्रू मारतो' म्हणून दोन-दोन स्क्रूंवर सोडलेला पत्रा रात्रीच्या वाऱ्यात पात्यासारखा उडतो. दुपारनंतर आभाळ आले की काम थांबवायचे. माणसांना सेफ्टी बेल्ट पाहिजेत, आणि ते कमरेला नुसते बांधलेले नकोत तर पाईपला अडकवलेले पाहिजेत. शेडजवळून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणच्या लाइनमनला बोलवा, लांब पत्रा वळवताना तारेला लागायला क्षण पुरतो. संध्याकाळी पत्र्यावर पडलेला ड्रिलचा चुरा झाडून घ्या, नाहीतर पहिल्या दवात त्याचे गंजाचे डाग पडतात. सगळे झाल्यावर नळी लावून आढ्यावरून अर्धा तास पाणी सोडा आणि आतून बघा, मिस्त्री हजर असतानाच.

वादळ होऊन गेल्यावर

छप्पर गेले असेल तर त्या घाईत निर्णय घेऊ नका. पहिल्या दिवशी ताडपत्री, दोर आणि कोरडी जागा एवढेच बघा. काही उचलण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा, तलाठी आणि ग्रामपंचायतीला कळवून पंचनामा करून घ्या, आणि पंचनाम्यात घर, गोठा, सामान यांचे नुकसान वेगवेगळे लिहिले आहे ना ते वाचूनच सही करा. मदतीवर मात्र फार विसंबू नका. 2022 ते 2026 या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000 रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये होते. राज्य सरकार वेळोवेळी वाढीव मदत जाहीर करते, तरी एवढ्यात छप्पर होत नाही.

त्यापेक्षा घराचा विमा काढलेला बरा. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि तिच्यात वादळाचे नुकसान धरलेले आहे. दावा करायचा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत उडालेले पत्रे भंगारात देऊ नका.

अशा वेळी बाहेरगावचे लोक गाडीत पत्रे घालून दारोदार फिरतात. 'आजच्या आज करून देतो, अर्धे पैसे आत्ता द्या' म्हणतात. माणूस घाबरलेला असतो, घरात पोरेबाळे, म्हातारी माणसे असतात, त्यामुळे हो म्हणावेसे वाटते. पैसे देऊ नका. ताडपत्रीखाली आठ दिवस काढणे अवघड असते, पण पुढच्या वळवात तेच छप्पर परत जाणे त्याहून अवघड. तुमच्या कागदावरचे तीन फॅब्रिकेटर असतील तर त्यांतल्याच एकाला फोन करा.

एवढे करूनही कुणी फसवलेच, तर आधी लेखी नोटीस पोस्टाने पाठवा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे तक्रारीची फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. घराचे किंवा पोटापाण्यापुरत्या धंद्याचे काम असेल तर हा मार्ग खुला आहे, मोठ्या व्यापारी गोडाऊनला नाही. आयोगापुढे काट्याच्या पावत्या, पत्र्याच्या मागच्या छापाचा फोटो, सह्या केलेला कागद आणि बँकेतून दिलेले पैसे, हाच पुरावा.

छप्पर नवे असो की जुने, दर वर्षी होळीच्या आसपास मिस्त्रीला एकदा बोलवा. कडेचे आणि कोपऱ्यांचे स्क्रू तपासून आवळणे, तडकलेले वॉशर बदलणे, पन्हाळीतला पाला काढणे, वेल्डिंगवर फुटलेला गंज घासून रंगाचा हात देणे, एवढेच काम असते. त्याची हजेरी द्या, चहा पाजा, आणि कोपऱ्यातले चार स्क्रू तो आवळतो तेव्हा खाली उभे राहून बघा.